मत देऊन राखलेलं गाव

1888, हिवाळा

गाडीतून उडी मारताच तुमचे पाय घोट्यापर्यंत चिखलात रुततात. स्टेशन नाही, फलाट नाही. मेम्फिसहून विक्सबर्गकडे जाणारा नवा लोहमार्ग जंगल चिरत सरळ निघून गेला आहे. मिसिसिपी राज्याच्या बोलिव्हर काउंटीत रुळांच्या दोन्ही अंगांना ओक आणि सायप्रसची झाडी, डोक्यावर जाणारी बोरूची बेटं आणि साचलेलं काळं पाणी आहे. थंडी आहे म्हणून डास कमी. उन्हाळ्यात इथे हिवतापाने माणसं पटापट पडतात.

कुऱ्हाडींचा आवाज येतो त्या दिशेने तुम्ही चालू लागता. पंधरा-वीस माणसं झाडं पाडत आहेत, सगळी कृष्णवर्णीय. त्यातल्या थोराड माणसांचा जन्म गुलामीतला. एक म्हातारी तुम्हाला आपादमस्तक न्याहाळते. तुमचा रंग तिला परका वाटत नाही, कपडे वाटतात. "नुसतं बघत काय उभं राहायचं? त्या फांद्या ओढा बाजूला," ती म्हणते. तुम्ही फांद्या ओढू लागता.

लाकूड हेच इथलं पहिलं पीक. रुळांखालचे स्लीपर, पिंपांच्या फळ्या, जे विकलं जाईल ते विकायचं. बायका रोख पैशासाठी गोऱ्यांच्या मळ्यांवर कापूस वेचायला जातात. ही रोकड हप्त्यांत जाते, कारण ही 840 एकर जमीन कुणी दान दिलेली नाही. रेल्वे कंपनीला रुळांकाठी वस्ती हवी होती; वस्तीशिवाय शेती नाही आणि शेतीशिवाय मालवाहतूक नाही. या दलदलीत यायला गोरे शेतकरी धजेनात. मग कंपनी कृष्णवर्णीयांना जमीन विकायला तयार झाली. 1887मध्ये हा सौदा केला इसाया माँटगोमेरी आणि त्यांचे चुलतभाऊ बेंजामिन ग्रीन यांनी. प्राचीन मूलनिवासींनी रचलेला मातीचा उंचवटा आणि त्याच्याजवळचे संथ ओढे यांवरून गावाला नाव पडलं: माउंड बायू.

माँटगोमेरी चाळिशीत आहेत. डोळ्यांत स्वप्नाळूपणा शोधाल तर सापडणार नाही. हा हिशेबनीस माणूस आहे. कचरणाऱ्या कुटुंबांना ते समजावतात, त्या बोलण्याचा रोख साधा असतो: मालकांसाठी असली जंगलं तोडलीतच ना, मग स्वतःसाठी का नको?

हा हिशेबीपणा कुठून आला हे कळायला थोडं मागे जावं लागेल. मिसिसिपी नदीच्या वळणावरच्या डेव्हिस बेंड नावाच्या मळ्यावर इसाया गुलाम म्हणून जन्मले. मालक जोसेफ डेव्हिस. यादवी युद्धात गुलामगिरीवादी राज्यांचे अध्यक्ष झालेले जेफरसन डेव्हिस हे त्यांचे धाकटे भाऊ. इसायांचे वडील बेंजामिन माँटगोमेरी त्या मळ्यावर दुकान चालवत, यंत्रं दुरुस्त करत. उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटींसाठी त्यांनी नवा पंखा तयार केला, पण त्याचं पेटंट त्यांना नाकारलं गेलं: गुलाम नागरिक नव्हे, म्हणून तो संशोधकही नव्हे! युद्ध संपल्यावर जोसेफ डेव्हिसने तोच मळा 3 लाख डॉलरच्या कर्जावर बेंजामिन यांना विकला. काल जिथे गुलाम होते तिथे ते मालक झाले. 1873मध्ये पुण्याचे जोतीराव फुले अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण करत होते, तेव्हा हे कुटुंब राज्यातल्या मोठ्या कापूस उत्पादकांत गणलं जात होतं.

ते टिकलं नाही. पूर आले, कापसाचे भाव उतरले, कर्ज फिटेना. बेंजामिन 1877मध्ये वारले आणि मळा डेव्हिसांच्या वारसांकडे परत गेला. जमीन मिळवता येते आणि ती जाऊही शकते, हे इसायांनी घरातच पाहिलं. म्हणून या दलदलीत ते एकेका एकराचा हिशेब ठेवतात.

1890, जॅक्सन

आता तुम्ही राज्याच्या राजधानीत, सभागृहाच्या सज्ज्यात बसला आहात. सप्टेंबरचा उकाडा आहे. खाली 134 प्रतिनिधी मिसिसिपीची नवी राज्यघटना लिहायला जमले आहेत. त्यातले 133 गोरे. उरलेला एक बोलायला उभा राहतो, तेव्हा तुम्ही पुढे झुकता. ते इसाया माँटगोमेरी आहेत.

घटनेचा खरा हेतू इथे कुणी लपवत नाही. राज्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत, त्यांना मतदार यादीतून काढायचं आहे. रंगाचा उल्लेख करता येत नाही, म्हणून वळसा घेतला आहे: दोन डॉलरचा मतकर, आणि घटनेतलं एखादं कलम वाचून दाखवण्याची किंवा त्याचा अर्थ सांगण्याची अट. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार गोरा कारकून.

तुमची अपेक्षा असते की हा एकटा माणूस विरोध करेल. तो करत नाही. लाखाहून अधिक कृष्णवर्णीय मतदार बाद होतील हे त्यांना ठाऊक आहे, ते आकडेवारीनिशी बोलतात, आणि तरीही बाजूने मत देतात. त्यांची मांडणी अशी: मतपेटीची भीती गेली की गोऱ्यांचा हिंसाचार थांबेल, हिंसाचार थांबला की आपल्या लोकांना जमीन, शाळा आणि धंदा उभारायला उसंत मिळेल, शिकले-सवरले, मालमत्ता झाली की मत पुन्हा मिळवता येईल.

ज्येष्ठ कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. या माणसाबद्दल दुःख वाटतं, पण त्याने केलेलं काम घातकच आहे, असा त्यांचा सूर होता. तुम्ही सज्ज्यातून उतरताना मनात वाद घालू लागता. बोलिव्हर काउंटीत गोऱ्या बंदूकधाऱ्यांनी वेढलेल्या दोन-तीन वर्षांच्या वस्तीचा प्रमुख दुसरं काय करणार होता? आणि त्याच्या एका मताने निकाल तरी कुठे बदलणार होता? प्रश्न खरे आहेत. पण गाव राखण्यासाठी त्या माणसाने जे देऊ केलं ते त्याच्या एकट्याचं नव्हतं, हेही खरं. पुढच्या प्रत्येक थांब्यावर हा व्यवहार तुमच्याबरोबर येणार आहे.

1912, नोव्हेंबर

माउंड बायूकडे जाणाऱ्या गाडीत कंडक्टर तुमच्या चेहऱ्याकडे बघतो आणि बोटाने पुढचा डबा दाखवतो. कृष्णवर्णीयांचा वेगळा डबा. हिंदुस्थान कुठे आहे हे त्याला समजावून काही उपयोग नाही. मिसिसिपीत माणसाचे दोनच रंग. डबा माणसांनी, जेवणाच्या डब्यांनी आणि कोळशाच्या धुराने भरलेला आहे. सगळे एकाच ठिकाणी निघालेत.

उतरल्यावर तुम्हाला जंगलाचा मागमूस दिसत नाही. आजूबाजूच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची जमीन आता हजारो एकरांत मोजली जाते. मुख्य रस्त्यावर दुकानं, सरकी काढायचे जिन, चर्च, शाळा, पोस्ट. पोस्टमास्तर कृष्णवर्णीय, नगराध्यक्ष कृष्णवर्णीय, पोलीसही कृष्णवर्णीय. मिसिसिपीत इतरत्र गोरा माणूस समोरून आला की फुटपाथवरून खाली उतरावं लागतं. इथे मुलं फुटपाथच्या मधोमध पळतात. माँटगोमेरींचं दोन मजली लाल विटांचं घर नुकतंच उभं राहिलं आहे. त्याच्याही आधी, 1904मध्ये, चार्ल्स बँक्स यांनी 'बँक ऑफ माउंड बायू' सुरू केली. नावाप्रमाणेच बँकेत रमलेला हा माणूस आज कमालीच्या धांदलीत आहे.

कारण आज सरकीच्या तेलाच्या गिरणीचं उद्घाटन आहे. खर्च लाख डॉलरच्या घरात. राज्यभरच्या कृष्णवर्णीयांनी शेअर घेऊन ती उभारली. गणित वऱ्हाडातल्या शेतकऱ्यालाही कळेल असं आहे: कापूस पिकवणाऱ्याच्या हातात रुईचे पैसे येतात, पण सरकीतलं तेल आणि पेंड यांचा नफा गिरणीवाला नेतो. गिरणी आपली असेल तर तोही नफा गावात राहील. कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन मुद्दाम भाषणाला आले आहेत. मत मागण्याआधी मालमत्ता उभी करा, हा त्यांचा उपदेश; त्याचा पुरावा म्हणून ते देशभर माउंड बायूचं नाव घेतात. गर्दी टाळ्या वाजवते. तुम्हीही वाजवता.

पण गिरणी उभी राहिली तरी चालवायला लागणारं खेळतं भांडवल उभं राहिलं नाही. 1914मध्ये बँकेला टाळं लागलं. युरोपात महायुद्ध पेटलं आणि कापसाचा बाजार कोसळला. विसाच्या दशकात भाव पुन्हा ढासळले, शेतकरी सावकारांच्या ताब्यात गेले, तरुण शिकागोच्या गाड्या पकडू लागले. माँटगोमेरी 1924मध्ये वारले. 1941मध्ये आगीत बाजारपेठेचा मोठा भाग जळाला. मालमत्ता आधी आणि मत नंतर, या हिशेबातली चूक तोवर उघड झाली होती: भाव, व्याज, कर, कायदा यातलं काहीच ठरवण्याचा अधिकार हाती नसेल, तर मालमत्ता दुसऱ्याच्या मर्जीवर टिकते.

1942, फेब्रुवारी

ट्रकच्या मागच्या भागात तुम्ही एका गर्भार बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसला आहात. रस्ता कच्चा आहे. ती अर्धेलीने कापूस कसणाऱ्या घरातली. जवळ गोऱ्यांचं इस्पितळ आहे, पण तिथे बाजूच्या दाराने शिरायचं, तळघरातल्या किंवा मागच्या वॉर्डात पडायचं, कधी चादरीही घरून न्यायच्या. "तिकडे नको," ती कळ आवरत सांगते. "आपल्यातच न्या."

ट्रक माउंड बायूत नव्या विटांच्या इमारतीसमोर थांबतो. टॅबोरियन हॉस्पिटल. सवयीने ड्रायव्हर ट्रक मागच्या बाजूला वळवू लागतो. दारातली नर्स हात करून ओरडते, "अहो, इकडून! समोरच्या दाराने!" नर्स कृष्णवर्णीय आहे. आतली मोठी डॉक्टर मंडळीही. 42 खाटा, शस्त्रक्रियेची सोय, क्ष-किरण यंत्र, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेची पेटी. बाईला आत नेतात आणि तुम्ही बाकावर बसता.

शेजारी बसलेला शेतमजूर खिशातून एक पुस्तिका काढून दाखवतो. 'टॅबोरचे बारा सरदार आणि कन्या' नावाच्या संघाची ही सभासद-पुस्तिका. नाव भारदस्त, विधी गुप्त, पण मूळ काम मयतीच्या खर्चाचं आणि अडीअडचणीला मदतीचं. संघाचे मिसिसिपीतले प्रमुख पेरी स्मिथ यांनी वर्षानुवर्षं हिंडून इस्पितळासाठी पैसे जमवले. वर्षाला आठ-नऊ डॉलर भरायचे. त्या बदल्यात वर्षातले 31 दिवस इस्पितळात मोफत उपचार, शस्त्रक्रियेसह. कापूस वेचणाऱ्या बायकांनी आठवड्याच्या मजुरीतून नाणी बाजूला टाकून ही इमारत बांधली. सरकारचा पैसा नाही, कुणा धनिकाची देणगी नाही. हजारोंनी थोडी थोडी रक्कम घातली, म्हणून हे टिकेल असं तुम्हाला वाटतं. ते खरंही ठरतं, इस्पितळ चार दशकं चालतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. सवर्णांच्या गावांपासून दूर आणि स्वतंत्र अशी अस्पृश्यांची स्वतःची गावं वसवावीत, असा ठराव तिथे झाला. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणी, जमीन, इज्जत यांसाठी रोज गावाच्या तोंडाकडे बघावं लागतं. ते थांबवायचं तर गावच वेगळं हवं. माउंड बायूच्या बाकावर बसून हा विचार समजायला अवघड जात नाही. पण त्या परिषदेने आणखी एक मागणी केली होती: स्वतंत्र मतदारसंघ. गाव आणि मत, दोन्ही एकदम. माँटगोमेरींनी एक देऊन दुसरं राखायचा प्रयत्न केला. नागपूरकरांनी ती निवडच नाकारली.

आतून रडण्याचा आवाज येतो. नर्स बाहेर येऊन सांगते, "मुलगी."

1955

एप्रिलमध्ये तुम्ही परत येता तेव्हा गावाबाहेरच्या मैदानात सर्कशीसारखा भलामोठा तंबू आहे आणि त्यात हजारो माणसं आहेत. बार्बेक्यूचा धूर, हातात पंखे, स्टेजवर डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड. टॅबोरियनचे पहिले मुख्य शल्यचिकित्सक. नंतर संघाशी बिनसल्यावर त्यांनी गावातच दुसरा दवाखाना काढला. शिवाय मोठी शेती, विमा कंपनी, पोहण्याचा तलाव, अगदी प्राणिसंग्रहालयही. बोलणं सभा जिंकणारं, राहणी थाटाची आणि घरात बंदुका भरपूर.

त्यांनी 1951मध्ये स्थापलेल्या प्रादेशिक नेतृत्व परिषदेचा हा वार्षिक मेळावा. परिषदेने मोटारींच्या बंपरवर लावायचे हजारो कागद वाटले होते: जिथे शौचालय वापरू देत नाहीत तिथे पेट्रोल घेऊ नका. पंपांवर कृष्णवर्णीयांसाठी शौचालयं दिसू लागली. हॉवर्ड यांच्याच विमा कंपनीचा एक तरुण एजंट आधी खेडोपाडी पॉलिसी विकत हिंडायचा आणि परतल्यावर झोपडीझोपडीतल्या उपासमारीबद्दल बोलायचा. मेडगर एव्हर्स त्याचं नाव. पुढे 1963मध्ये जॅक्सनला राहत्या घराच्या अंगणात त्याला गोळी घातली जाईल.

स्टेजवरून रेव्हरंड जॉर्ज ली मतदार नोंदणीबद्दल बोलतात. पासष्ट वर्षांपूर्वी माँटगोमेरींनी पुढे ढकललेली गोष्ट आता तंबूच्या मधोमध आली आहे. तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगता येत नाही: पुढच्या महिन्यात, 7 मे रोजी, बेलझोनी गावात रेव्हरंड ली यांची गोळ्या घालून हत्या होणार आहे.

सप्टेंबरमध्ये तुम्ही पुन्हा इथेच आहात, हॉवर्ड यांच्या घराच्या व्हरांड्यात. दारावर हत्यारबंद पहारा. ऑगस्टच्या अखेरीस शिकागोहून नातेवाइकांकडे आलेल्या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय एमेट टिलचा खून झाला. समनर गावात गोऱ्या आरोपींवर खटला चालू आहे. त्याची आई मेमी दिवसभर कोर्टात बसते आणि रात्री पहाऱ्यात इथे मुक्कामाला येते, कारण समनरच्या आसपास तिला सुरक्षित असं घर नाही. कृष्णवर्णीय वार्ताहर आणि डेट्रॉइटचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांचाही मुक्काम गावातच. जिवाच्या भीतीने मळ्यांवर दडलेले साक्षीदार शोधून काढण्याची खटपट याच घरातून चालते. जेवणाच्या टेबलावर कॉफी, नकाशे आणि पिस्तुलं एकत्र पडलेली असतात.

23 सप्टेंबरला निकाल येतो. बारा गोऱ्या ज्युरींनी तासाभराच्या आसपास विचार करून आरोपींना निर्दोष सोडलं. ज्युरी सगळे गोरे का? कारण ज्युरी मतदार यादीतून निवडतात, आणि त्या काउंटीच्या यादीत कृष्णवर्णीय कुणी नाही. 1890च्या सभागृहातलं 'होय' तुम्हाला इथे, व्हरांड्यात, ऐकू येतं. ज्या गावाला सुरक्षित ठेवण्यासाठी ते उच्चारलं गेलं, तेच गाव आज एका आईला आसरा देतंय. न्याय देण्याची ताकद मात्र त्याच शब्दाने काढून घेतली आहे.

हॉवर्ड गप्प बसले नाहीत. नोव्हेंबरच्या अखेरीस अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात त्यांनी टिल प्रकरणावर भाषण केलं. श्रोत्यांत रोझा पार्क्स होत्या. चार दिवसांनी त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला. धमक्या वाढल्या तेव्हा हॉवर्ड यांना मात्र मिसिसिपी सोडून शिकागो गाठावं लागलं. माउंड बायूच्या सीमा त्यांना वाचवू शकल्या नसत्या.

1968, उन्हाळा

मधल्या काळातली एक तारीख जाता जाता बघा: 31 ऑगस्ट 1962, इंडियानोला. फॅनी लू हेमर नावाची शेतमजूर बाई मतदार नोंदणीला गेली. कारकुनाने घटनेतलं कलम समोर ठेवून अर्थ विचारला. ती नापास झाली, आणि त्याच दिवशी 18 वर्षं राबलेल्या मळ्यावरून तिला हाकललं गेलं. ती परीक्षा 1890च्याच घटनेची. 1965मध्ये मताधिकार कायद्याने ती अट मोडली. त्यामागे हेमर यांच्यासारख्यांनी सोसलेला मार होता.

मत मिळालं तेव्हा पोटाला अन्न नव्हतं. कापूस वेचणारी यंत्रं आणि तणनाशकं आली, मळ्यांना मजूर नकोसे झाले. 1968च्या उन्हाळ्यात तुम्ही माउंड बायूच्या नव्या आरोग्य केंद्रात पोचता तेव्हा ओट्यावर हाडं दिसणारी बाळं आहेत.

डेल्टा हेल्थ सेंटर आदल्या वर्षी सुरू झालं. डॉ. जॅक गायगर आणि डॉ. काउंट गिब्सन हे बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाचे. पैसा केंद्र सरकारच्या गरिबीविरोधी योजनेचा. पण जागा म्हणून माउंड बायूच निवडलं गेलं, कारण इथे समोरच्या दाराने इस्पितळात जाण्याची सवय होती आणि गोऱ्या पुढाऱ्यांची परवानगी घ्यायची नव्हती. जॉन हॅच नावाचे कृष्णवर्णीय संघटक वस्त्यावस्त्यांतून बैठका घेतात. तुम्ही एका बैठकीला जाता. चर्चच्या बाकांवर बसलेल्या बायकांना हॅच विचारतात, काय हवं? दवाखाना कुणी आधी सांगत नाही. "पाणी," एक म्हणते. "आणि खायला," दुसरी. "जुलाब औषधाने थांबतील हो, पण पुन्हा त्याच डबक्यातलं पाणी पाजायचं ना?"

मग आरोग्य केंद्राची माणसं विहिरी खणतात, संडास बांधतात, खिडक्यांना जाळ्या बसवतात. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, मांस, भाज्या लिहून देतात. वाणी सामान देतो आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर लावतो. वॉशिंग्टनहून अधिकारी तणतणत येतो तेव्हा गायगर सांगतात की आपल्याकडच्या वैद्यकाच्या पुस्तकांत कुपोषणावर अन्न हाच उपचार दिला आहे. अधिकाऱ्याला उत्तर सापडत नाही.

पण किराणा किती दिवस पुरवायचा? शेतात राबण्याचं ज्ञान असलेली माणसं उपाशी आहेत आणि कापसाखाली जमीन आहे. नॉर्थ बोलिव्हर काउंटी शेती सहकारी संस्था निघते आणि कापसाच्या मुलखात भाजीपाला लागतो. तुम्ही ओळीतून वाकून तोडणी करता: भेंडी, चवळी, रताळी, रुंद पानांची कॉलर्ड भाजी. भेंडी आणि चवळी त्यांच्या पूर्वजांबरोबर आफ्रिकेतून आली. शेजारच्या ओळीतल्या बाईला तुम्ही सांगता की आमच्याकडेही हेच रांधतात. ती हसते. "मग तुम्ही आमच्यातलेच की."

या संस्थेच्या कामात एल. सी. डॉर्सी ही तिशीच्या उंबरठ्यावरची बाई पुढे आहे. मळ्यावर अर्धेलीने राबणाऱ्या घरात जन्मलेली. पुढे ती संस्था चालवेल, समाजकार्यात डॉक्टरेट मिळवेल आणि 1988मध्ये याच आरोग्य केंद्राची संचालक होऊन परत येईल. बाहेरच्या डॉक्टरांनी सुरू केलेलं काम याच मुलखातल्या मुलीच्या हाती गेलं तेव्हाच ते इथलं झालं.

इस्पितळंही एकत्र आली. टॅबोरियन आणि हॉवर्ड यांच्या गटाचा दवाखाना मिळून माउंड बायू कम्युनिटी हॉस्पिटल झालं. मार्च 1977मध्ये फॅनी लू हेमर यांनी शेवटचा श्वास तिथेच घेतला. माँटगोमेरींनी सोडून दिलेल्या मतासाठी जी बाई मार खात राहिली, तिची अखेरची शुश्रूषा माँटगोमेरींनी वसवलेल्या गावाने केली. कोण कुणाचं ऋणी, हे ठरवायचा प्रयत्न तुम्ही करता आणि दोन्ही बाजूंना रकमा लिहाव्या लागतात.

आज

परतीचा शेवटचा थांबा वर्तमानात. महामार्ग 61वरून तुमची गाडी आत वळते. लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. इस्पितळ 1983मध्ये बंद पडलं. हायस्कूलही काही वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन झालं. गावाचं कौतुक करायला आलेल्यांना हे रस्ते निराश करतात.

माँटगोमेरींचं लाल विटांचं घर 1976मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरलं, पण असा शिक्का बसल्याने छत गळायचं थांबत नाही. त्यासाठी गावकऱ्यांना अनुदानाच्या मागे धावावं लागतं. 2021मध्ये इथल्याच दोन भावांनी कृष्णवर्णीय संस्कृती आणि इतिहासाचं संग्रहालय उघडलं. त्यांचे वडील मेडगर एव्हर्स यांच्यासोबत विमा कंपनीत काम करत. मेमी टिल यांच्यावरच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी बनवलेल्या वस्तूही या भावांनी मागून आणून मांडल्या. शाळेच्या सहली येतात, पर्यटक येतात, तिकिटाचे पैसे गावात राहतात.

तुम्ही दालनातून फिरता. इतका प्रवास करून आल्यावर इथे तुम्ही एकच तपासता: 1890 सांगितलं जातं का? गावाची गौरवगाथा सांगताना ते मत वगळणं सोपं आहे, आणि फक्त त्या मतावरून गाव मोडीत काढणं त्याहून सोपं. वारसा जपणाऱ्यांचं काम जमाखर्च पूर्ण ठेवण्याचं आहे: तेलगिरणी आणि तिला लागलेलं टाळं, समोरचं दार आणि नापास झालेली बाई, सगळं एकाच वहीत. गावच्या पोराला यातून अभिमान मिळेल, आणि मत सोडून मालमत्ता राखायचा सौदा कुणी पुन्हा समोर ठेवला तर त्याचा भाव किती हेही त्याला ठाऊक असेल.

आरोग्य केंद्र मात्र चालू आहे, शेजारच्या काउंट्यांतही त्याचे दवाखाने आहेत. बोस्टनमधलं एक आणि माउंड बायूतलं एक, अशा दोन केंद्रांपासून सुरू झालेल्या व्यवस्थेत आज अमेरिकेत सुमारे 1,400 संस्था आहेत आणि वर्षाला 3 कोटींहून अधिक लोक तिथे उपचार घेतात. यांतल्या बहुतेक संस्थांना केंद्र सरकारच्या कायद्याने एक अट घातली आहे: संचालक मंडळात निम्म्याहून जास्त सदस्य त्याच दवाखान्यात उपचार घेणारे रुग्ण असले पाहिजेत. दवाखाना कुणाला नेमणार, पैसा कशावर खर्च करणार, हे त्या रुग्णांच्या मतांवर ठरतं.